खोट्या झरोक्यांचा संगणक

१९८० साली इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स ८० नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. तयार घेतला तर ९९ पौंड ९५ पेन्स, सुटे भाग घेऊन घरी जोडायची हौस असेल तर ७९ पौंड ९५ पेन्स. पांढऱ्या, पातळ प्लॅस्टिकची पेटी, पुढे कळफलक आणि मागच्या अंगाला ओळीने काळे झरोके. आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून रेडिओला, टीव्हीला, अॅम्प्लिफायरला असतात ना, तसेच. फरक एवढाच की या झरोक्यांतून हवा जात नसे. ते बंद होते. नुसती शोभा. यंत्र आतल्या आत तापायचं तेवढं तापत राही, बघणाऱ्याला मात्र गार वाटे.

या खोट्या झरोक्यांवर माझा जीव आहे. संगणकाच्या इतिहासावर जाडजूड पुस्तकं निघतात आणि त्यांत चिप, मेगाहर्ट्झ आणि गॅरेजमधून निघालेले अब्जाधीश यांची रेलचेल असते. पण हे यंत्र पहिल्यांदा लोकांच्या बैठकीच्या खोलीत शिरायला निघालं तेव्हा त्याची काय तारांबळ उडाली, ते कळायला हे झरोके पुरतात. आपण कोण हे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा निदान ओळखीच्या कुणासारखं तरी दिसावं, असा तो सगळा प्रयत्न होता.

कारण त्याआधीचा संगणक म्हणजे बडा साहेब. बँकेत, विद्यापीठात, लष्करात, वातानुकूलित खोलीत राहणारा. त्याला कुणाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती. सत्तरच्या दशकाच्या मध्याला तो लहान झाला, स्वस्त झाला आणि घरोघर जायला निघाला, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की घरात आपली कुणी वाट बघत नाहीये. फ्रिजचं काय करायचं हे माणसाला सांगावं लागत नाही. संगणकाचं काय करायचं हे विकणाऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं. मग जाहिरातींत घरखर्चाचा हिशेब, मुलांचा अभ्यास आणि पाककृती हे त्रिकूट वर्षानुवर्षं फिरत राहिलं. पाककृती तर सगळ्यांत आधीपासून. १९६९ साली नीमन मार्कस या अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या दुकानाने आपल्या कॅटलॉगात हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ ठेवला होता. किंमत दहा हजार डॉलरच्या वर, वजन शंभर पौंडांच्या वर, आणि अंगचाच भाजी चिरायचा पाट. पुढे नुसती बटणांची रांग आणि दिव्यांची रांग. बटणं वरखाली करून बायनरीत प्रश्न विचारायचा आणि कुठले दिवे लागले, कुठले विझले यावरून उत्तर लावायचं. ही विद्या यावी म्हणून दोन आठवड्यांचं शिक्षण सोबत. म्हणजे रस्सा अळणी आहे की खारट हे दिव्यांवरून ओळखेपर्यंत पाहुणे पानावरून उठलेले. असा एकही संगणक कुठल्या घरी खपल्याचा पुरावा नाही. पाट मात्र चांगला असावा, असं आपलं मला वाटतं.

स्वयंपाकघरात शिरायचा नाद तिथेच सुटला. पुढच्या पिढीने बैठकीच्या खोलीवर नजर ठेवली. तिथे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टीव्ही ही मंडळी आधीच मानाने बसलेली होती. त्यांच्यात आपणही बेमालूम मिसळून जावं, म्हणजे कुणी ‘हे काय आणलंत’ म्हणून विचारणार नाही.

मिसळण्याचा पहिला मार्ग लाकूड. १९७६ च्या सोल-२० या संगणकाच्या दोन्ही बाजूंना खरंखुरं अक्रोडाचं लाकूड होतं. त्याच वर्षीच्या फेअरचाइल्ड चॅनल एफ या खेळाच्या यंत्रावर लाकडाचा नुसता भास, आणि त्याची पिवळी काट्रिजं अशी बेतलेली की गाडीत वाजवायची एट-ट्रॅक टेपच वाटावी. पुढच्या वर्षी अटारीच्या २६०० च्या कपाळावरही तीच लाकडी पट्टी आली. विजेचा आणि शिसवी रेघांचा काडीचा संबंध नाही. रेडिओच्या पेट्या एके काळी खऱ्या लाकडाच्या होत्या, टीव्हीने तो मान वारशाने घेतला, आणि तिथून तो या पोरांकडे आला तेव्हा लाकूड गळून नुसता रंग उरला होता.

दुसरा मार्ग सरळ वेशांतराचा. ‘रेडिओ शॅक’ या अमेरिकी दुकानांच्या साखळीने १९७७ साली टीआरएस-८० काढला. पडदा आणि कॅसेट रेकॉर्डरसकट किंमत ५९९ डॉलर ९५ सेंट. पडदा म्हणजे आरसीए कंपनीचा कृष्णधवल टीव्हीच, फक्त आतला ट्यूनर काढून टाकलेला. याला सोंग म्हणता येणार नाही, हा परकायाप्रवेश झाला. या यंत्राला आवाजाची सोय नव्हती, पण त्याच्या पोटातून रेडिओ लहरींचा असा काही कल्ला बाहेर पडे की जवळचा रेडिओ खरखरू लागे. दुसऱ्या कुणी यावर तक्रार केली असती. खेळ लिहिणाऱ्यांनी त्याचं वाद्य केलं. खेळताना संगणकाशेजारी एएम रेडिओ लावून ठेवा, म्हणजे गोळीबार त्यातून ऐकू येईल! अमेरिकी सरकारला हे संगीत मानवलं नाही. लहरींच्या गळतीचे नियम कडक झाले आणि १९८१ च्या सुरुवातीला तो नमुना बंद पडला.

आणि ॲपल? आज ज्या कंपनीचा फोन हातात असला की माणूस तो टेबलावर उताणा की पालथा ठेवायचा याचाही विचार करतो, तिच्या १९७७ च्या ॲपल टू या पहिल्या देखण्या यंत्राचं मूळ मिक्सरच्या खानदानात आहे. स्टीव्ह जॉब्स मेसीज या दुकानात गेले असताना त्यांनी क्विझिनार्टचा फूड प्रोसेसर पाहिला आणि आपल्या संगणकालाही असंच गुळगुळीत, हलक्या रंगाचं प्लॅस्टिक हवं, हे त्यांच्या मनाने घेतलं. जेरी मॅनॉक यांनी ती पेटी घडवली. कमोडोर कंपनीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्यांचा टोरोंटोत ऑफिसच्या पत्र्याच्या फर्निचरचा कारखाना होता. त्याच पत्र्यातून पेट नावाच्या संगणकाची कवटी निघाली. दुरुस्तीसाठी ती मोटारीच्या बॉनेटसारखी वर उचलायची आणि आतला दांडा लावून उभी करायची. प्रत्यक्ष बॉनेट!

हे सगळं अमेरिकेत. खरी गंमत इंग्लंडात आणि जपानात होती, कारण तिथे संगणक विकायला उतरलेली माणसं मुळातच रेडिओ, टेप, टीव्ही विकणारी होती.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी संगणकाआधी रेडिओचे संच विकले, अॅम्प्लिफायर विकले, खिशात मावणारे कॅलक्युलेटर विकले. त्यांच्या झेडएक्स ८० मध्ये एकच प्रोसेसर विचारही करी आणि टीव्हीवर चित्रही काढी. त्यामुळे कळ दाबली की तो विचारात पडे आणि चित्र क्षणभर गुल होई. प्रत्येक अक्षराला पडदा डोळे मिचकावे. पुढच्या वर्षीच्या झेडएक्स ८१ मध्ये यावर तोडगा निघाला. त्यात ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ अशा दोन आज्ञाच होत्या. स्लो म्हटलं की चित्र दिसत राही आणि काम रेंगाळत होई. फास्ट म्हटलं की पडदा सरळ बंद. ‘मी कामात आहे, माझ्या तोंडाकडे बघू नका.’ इतकं स्वच्छ बोलणारं यंत्र मी नंतर पाहिलं नाही. त्याची स्वतःची स्मरणशक्ती फक्त एक किलोबाइट. जास्त हवी तर १६ किलोबाइटचा डबा मागून खुपसायचा. तो डबा हले. टेबलाला कुणाचा गुडघा लागला की सकाळपासून टंकलेलं सगळं जाई. लोकांनी मग तो भिंतीवर पोस्टर चिकटवायच्या मेणचट पदार्थाने जागच्या जागी चिकटवला.

अॅलन शुगर यांचं डोकं वेगळं. त्यांच्या अॅमस्ट्रॅड कंपनीचे म्युझिक सिस्टिमचे मनोरे बाहेरून अॅम्प्लिफायर, ट्यूनर, टेप असे वेगवेगळे थर रचल्यासारखे दिसत आणि आत सगळा एकच संसार असे. वायरही एकच. १९८४ साली हीच युक्ती त्यांनी सीपीसी ४६४ या संगणकाला लावली. कळफलकाला खेटून टेपरेकॉर्डर, सोबत स्वतःचा पडदा, भिंतीत घालायची पिन एक. स्वतःचा पडदा ही बारीकशी बाब नव्हे. तोवर इंग्लंडात घरातला संगणक बहुधा घरातल्या एकुलत्या टीव्हीला लागायचा, म्हणजे पोरगं प्रोग्रॅम लिहायला बसलं की बापाचा फुटबॉल बंद. शुगर यांनी बापाशी तह केला. यंत्राचं रूप कसं असावं, तर सुट्टीला जाताना विमानतळावर तिकीट तपासणाऱ्या बाईच्या पुढ्यात असतं तसं. ‘खरा’ संगणक लोकांनी दुसरीकडे पाहिलाच कुठे होता? दोन वर्षांनी त्यांनी सिंक्लेअरचा संगणकाचा धंदाच ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि त्याच्याही पेटीला टेपरेकॉर्डर जोडून टाकला. मला शुगर यांचं हे दुकानदारी शहाणपण सिंक्लेअरच्या प्रतिभेपेक्षा अधिक मनोरंजक वाटतं. रसिकांनी रागवावं.

जपानात तर घरातली सगळी यंत्रंच एका दिवशी संगणक झाली. जून १९८३ मध्ये एमएसएक्स नावाचं एक समान मानक जाहीर झालं. सोनी, नॅशनल, तोशिबा, सान्यो, यामाहा, पायोनियर, सगळे एकाच पंक्तीला बसले. प्रत्येकाने आपलं मूळ दुकान सोबत आणलं. यामाहाच्या संगणकात सिंथेसायझर, पायोनियरचा संगणक लेसरडिस्कवरची चित्रं हाताळणारा. शार्प कंपनीत त्याआधीच भाऊबंदकी झाली होती. तिथे एक विभाग एमझेड नावाचे संगणक काढत असताना १९८२ साली टीव्हीच्या विभागाने एक्स-१ नावाचा आपला सवता संगणक काढला. टीव्हीवाल्यांचाच तो, त्यामुळे चालू टीव्हीच्या चित्रावर संगणकाची अक्षरं उमटवायची सोय. मालिका बघता बघता प्रोग्रॅम लिहायचा. थोरल्या आणि धाकट्या पातीचे हे संगणक एकाच कंपनीची पाटी लावून एकमेकांशी न जुळण्याचं व्रत पाळत राहिले. मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

सोंगाची ही कला कुणाला साधली नाही, तर कोलेको या खेळण्यांच्या कंपनीला. १९८३ साली त्यांनी ‘अॅडम’ काढला. संगणक, कळफलक, टेप, छपाईयंत्र, सगळा खटला एकाच खोक्यात. उद्देश चांगला होता. वीजपुरवठ्याचं यंत्र मात्र त्यांनी छपाईयंत्राच्या पोटात बसवलं. छपाईयंत्र बिघडलं आणि दुरुस्तीला धाडलं, की घरात उरलेला संगणक दगड. शिवाय यंत्र चालू करताना चुंबकीय लहरीचा असा झटका बसे की आत विसरलेली टेप कोरी होई. म्हणजे काल केलेलं काम पुढे चालवायला माणूस सकाळी उत्साहाने बटण दाबी आणि त्या दाबण्यानेच काल केलेलं काम पुसलं जाई. गीतेवर इतकं चोख भाष्य करणारं दुसरं यंत्र मला ठाऊक नाही. त्याच वर्षी याच कंपनीच्या बाहुल्यांसाठी अमेरिकेत गिऱ्हाइकं दुकानांत झोंबाझोंबी करत होती. बाहुल्यांना वीज लागत नव्हती.

आता कुणी विचारेल, की या सगळ्याचं डोंबिवलीत काय? तर डोंबिवलीत माझा एक मित्र आहे. चांगला नोकरीतून निवृत्त झालेला, रक्तदाब ताब्यात असलेला. त्याने गेल्या काही वर्षांत हे जुने संगणक जमवायला घेतले आहेत. पहिला आला तो १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम. काळा, कोपऱ्यात इंद्रधनुष्याचे चार पट्टे, आणि रबरी कळा. भाच्याने मँचेस्टरहून कपड्यांत गुंडाळून आणला. त्याला हल्लीचा सपाट टीव्ही शोभत नाही आणि धड चालतही नाही, म्हणून काचेच्या नळीचा टीव्ही शोधावा लागला. भंगारवाल्याने तो फुकट दिला, वर ‘साहेब, परत घेणार नाही’ ही अट घातली. कॅसेट वाजवायला टेपरेकॉर्डर घरात होताच. वहिनींच्या वडिलांनी कुवेतहून आणलेला टू-इन-वन. तो वहिनींच्या स्त्रीधनात धरलेला. त्यावर त्या दुपारी नाट्यगीतं ऐकतात, किंवा ऐकत असत.

स्पेक्ट्रमवर खेळ कसा चढवतात हे बघण्यासारखं असतं. कळफलकावर ‘लोड’ हा शब्द टंकायचा नाही. नुसती ‘जे’ची कळ दाबायची, पडद्यावर अख्खा शब्द उमटतो. कळेवर काय काय लिहिलेलं असतं म्हणून सांगू? अक्षर, अक्षराच्या अंगावर एक आज्ञा, डोक्यावर एक, पायाशी एक. एका सरकारी नोकराकडे जितकी टेबलं असतात तितकी एका कळेकडे. मग खालच्या ओळीतली एक कळ धरून ‘पी’ दोनदा, म्हणजे अवतरणचिन्हं येतात. एंटर. आणि टेपरेकॉर्डरचं प्ले बटण खाडकन खाली.

इथून पुढे घरात कुणी बोलायचं नाही, असा दंडक आहे. आधी एक लांबलचक शिट्टी. पडद्याच्या कडेला तांबडे आणि आकाशी पट्टे हळूहळू सरकायला लागतात. मित्राचा हात आवाजाच्या चकतीवर, डोळे पट्ट्यांवर. शिट्टी संपून किर्र्र असा कर्कश आवाज सुरू होतो आणि पट्टे निळे-पिवळे होऊन धावतात. खेळाचं नाव उमटतं. मग पुन्हा शिट्टी, पुन्हा तांबडं-आकाशी, पुन्हा किर्र्र, आणि आता खेळाचं चित्र येऊ लागतं. पण ओळीने नाही. पडद्याचे वरचा, मधला, खालचा असे तीन तुकडे. आधी वरच्या तुकड्यात अंतराअंतराने रेघा, मग त्यांच्या मधल्या जागा भरत जातात, मग मधला तुकडा. सगळं काळं-पांढरं झालं की शेवटी रंग सरसरत वरून खाली उतरतात. पुढे आणखी चार मिनिटं किर्र्र. मित्राच्या चेहऱ्यावर मुलाचा दहावीचा निकाल लागायच्या आदल्या क्षणीचे भाव. आणि मग एवढासा संदेश: ‘टेप लोडिंग एरर’. पुन्हा कॅसेट मागे.

दोष बहुतेक वेळा टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन किंचित चुकल्याचा असतो. हेडच्या बाजूला एक इवलासा स्क्रू असतो. तो पेचकसाने केसभर फिरवला की किर्र्र अधिक तीक्ष्ण होते आणि खेळ चढतो. मित्राने तो फिरवला. खेळ चढला. ‘मॅनिक मायनर’, १९८३ चा. खाणीत उड्या मारणारा एक ठेंगू माणूस, आणि मागे ग्रीगची सुरावट टोचल्यासारखी वाजते. माणूस पहिल्याच गुहेत मेला. पाच मिनिटांची प्रतीक्षा, अर्ध्या मिनिटाचा खेळ, आणि मित्र तृप्त.

तृप्त नव्हत्या त्या वहिनी. कारण तो स्क्रू इंग्लंडातल्या कॅसेटला जुळला म्हणजे घरच्या कॅसेटींना मोडला. त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “भावोजी, तुम्हीच सांगा ह्यांना. माणिक वर्मांना सर्दी झालीय परवापासून.”

“अगं, फिरवून देतो ना परत.”

“अहो, आठवड्यातून किती वेळा फिरवणार? झिजेल तो स्क्रू. बाबांनी कुवेतहून काय याच्यासाठी आणला होता?”

मित्राने मग आपली बाजू मांडली. वहिनींच्या पुढे नव्हे, त्या आत गेल्यावर. म्हणाला, “अरे, बघ, काम करताना हा ऐकू येतो. आत काय चाललंय ते दिसतं. बिघडला तर बिघडलो म्हणतो. पासवर्ड मागत नाही, अपडेट मागत नाही. बंद करायला बटणसुद्धा नाही, पिन उपटायची.” हे सगळं खरं आहे. कॅसेटवरचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी आवाजच, त्यामुळे १९८३ च्या सुमाराला बेलग्रेडच्या रेडिओवर निवेदक श्रोत्यांना कॅसेटी तयार ठेवायला सांगे आणि मग काही मिनिटं नुसती किर्र्र प्रक्षेपित करी. लोक ती टेप करून घेत आणि आपल्या संगणकात ओतत. डच रेडिओनेही हा उद्योग केला. ज्या रेडिओचं सोंग घ्यायचं, त्याच्याच पोटातून संगणकाला खाऊ मिळत होता. इतकं जिव्हाळ्याचं नातं आताच्या कुठल्या दोन यंत्रांत आहे?

पण मित्राच्या बोलण्यात एक गोम आहे, आणि ती मी त्याला सांगितलेली नाही. तो ज्याच्या आठवणीने व्याकूळ होतो ते त्याचं बालपणच नव्हे. आपल्याकडे संगणक टेपरेकॉर्डरचं सोंग घेऊन घरी आलाच नाही. तो साहेब होऊन आला. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पाठवले. इंग्लंडात हा संगणक पोरं गालिच्यावर पालथी पडून वापरत. आमच्या शाळेत संगणकाची खोली म्हणजे चपला बाहेर. शाळेतला एकमेव एसी तिथे. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर पंखा आणि संगणकाला गारवा, हा क्रम आम्हांला न सांगता कळला होता. खंडेनवमीला त्याला हार आणि हळदकुंकू. बीबीसी मायक्रोच्या अंगावर ठिपक्यांनी काढलेलं घुबड असतं. कुंकू नेमकं कुठे लावावं यावरून शिपाई आणि विज्ञानाचे सर यांच्यात थोडी बोलाचाली झाल्याचं स्मरतं. घरात होता तो मर्फीचा रेडिओ आणि सरकत्या दारांचा टीव्ही. १९८६ साली डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ इथे काढला, काही हजार खपलेही, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. आम्ही मासिकातल्या जाहिरातीवर समाधान मानलं.

म्हणून माझा मित्र आता सासऱ्यांच्या कुवेती टेपरेकॉर्डरला इंग्रज पोराचा संगणक जोडून बसतो. एक बालपण त्याचं, एक परक्याचं, मध्ये साडेतीन मिलिमीटरची पिन. माझ्या मते या नादाचं मर्म त्या पिनेत आहे. निव्वळ जुना संगणक बघून कुणाला उमाळा येत नाही. ती पाठीमागची काळी खोबण, तो खाडकन दबणारा प्ले, ती चकती, हे आपलं असतं. संगणकाने चाळीस वर्षांपूर्वी ओळखीचं दिसण्यासाठी जे सोंग घेतलं, त्याचं गिऱ्हाईक आत्ता सापडलं, आणि तेही डोंबिवलीत.

नाद वाढतो तसा खर्चही वाढतो. स्पेक्ट्रम काळा असल्यामुळे पिवळा पडत नाही. मित्राला हे वैगुण्य वाटलं असावं, कारण लगेच त्याने कमोडोर ६४ मागवला. तो हलक्या तपकिरी रंगाचा, आणि आला तेव्हा विडी ओढणाऱ्याच्या बोटांसारखा झालेला. त्या काळच्या प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनची द्रव्यं मिसळत. उन्हाने ती पिवळी पडतात, असं मानलं जातं. उपाय ठरलेला आहे. सुट्या केलेल्या पेटीला ब्यूटी पार्लरमध्ये केस ब्लीच करायला लावतात ते पेरॉक्साइडचं क्रीम चोपडायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद लपेटायचा आणि ज्या उन्हाने पिवळी केली त्याच उन्हात ठेवायची. एप्रिल महिना. गच्चीवर सगळ्या बायकांची पापड-कुरडयांची वाळवणं, आणि त्यांच्या रांगेत कमोडोरचं वरचं कवच आणि कळफलकाच्या साठ-सत्तर टोप्या मांडलेल्या. शेजारी राखणीला मित्र, हातात काठी. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी खाली वाकून टोप्या नीट न्याहाळल्या आणि विचारलं, “कसल्या हो या? तळायच्या का भाजायच्या?”

हल्ली संगणक कुणासारखा दिसायला जात नाही. लॅपटॉप नावाची पाटी, फोन नावाची पाटी, टीव्ही नावाची मोठी पाटी. किंवा मग एकदम कापडाने मढवलेला गोलसर स्पीकर, जो रेडिओ असल्याचं सोंग घेऊन कपाटावर बसतो आणि घरातलं बोलणं ऐकतो. सोंगाला माझी हरकत नाही. पण झेडएक्स ८० चे झरोके बंद आहेत हे बोट लावलं की कळत होतं.

आणि यावर कडी म्हणजे २०१८ सालचा ‘सी ६४ मिनी’. आत आजचं यंत्र, बाहेरून लहानसा कमोडोर, वर हुबेहूब कळफलक. फक्त त्या कळा दाबल्या जात नाहीत. नुसती शोभा! आधी संगणकाने घरातल्या वस्तूंचं सोंग घेतलं, आता नवा संगणक त्या सोंगाड्याचं सोंग घेतो. पुढच्या वर्षी कळा दाबता येणारी मोठी आवृत्ती निघाली, पण माझ्या मित्राला मिनीच हवा आहे, कारण त्याला टेपरेकॉर्डर लागत नाही आणि स्क्रू फिरवावा लागत नाही. एवढं बोलून त्याने आशेने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

वहिनी हात पुसत दारात आल्या. “कळा दाबल्या जात नाहीत?”

“नाहीत.”

“आवाज करतो?”

“टीव्हीतून. कमी ठेवता येतो.”

“मग आणा,” वहिनी म्हणाल्या. “माप तेवढं आधी सांगा. क्रोशाचं कव्हर विणून ठेवते.”